कसुकूच्या पेटीतली वाळू

१

कसुकू मेली त्या आठवड्यात आमच्याकडे ऊन पडलंच नव्हतं. जुलै इथं असाच जातो. आभाळ खाली उतरतं, सकाळभर धुकं, अंगात शिरणारा गारठा, आणि पाऊस मात्र थेंबभर नाही. अशा एका सकाळी मुलात्या माझ्या ऑफिसात आला, बस म्हणायच्या आत बसला आणि म्हणाला, "मॅडम, आमच्या कलुंडेनं आईचा साप मारला. विष घालून."

मी इथली सहायक चीफ, म्हणजे सरकारनं नेमलेली गावकारभारीण. लोकांच्या शेळ्या, शेताचे बांध, नवराबायकोची भांडणं, सगळं माझ्या टेबलावर येऊन पडतं आणि मी कुरकुरत ते निस्तरते. पण सापाच्या खुनाची तक्रार इतक्या वर्षांत पहिलीच. दुसरं कुणी असतं तर चहा पाजून घरी पाठवलं असतं. या सापाची गोष्ट वेगळी होती, म्हणून मी शाल गुंडाळली आणि मुलात्यामागे निघाले.

कसुकू म्हणजे मांडूळ. हातभर लांब, नारिंगी अंगावर तपकिरी डाग, आणि शेपूट इतकं आखूड की पहिल्यांदा बघणाऱ्याला तोंड कुठलं ते कळायचं नाही. दिवसभर वाळूत गाडून घ्यायची, वर दिसले तर फक्त दोन डोळे. मुलात्याचा धाकटा भाऊ किथेका किनाऱ्याकडच्या एका सर्पालयात नोकरीला होता. साप दिसला की दगड शोधणाऱ्या आपल्या गावानं एक तरी बिनविषारी साप जवळून बघावा, म्हणून त्यानं रीतसर परवाना काढून तिला घरी आणून ठेवलं. कसुकू या शब्दाचा अर्थ आमच्या भाषेत पोपट. जन्मात आवाज न काढणाऱ्या जनावराला पोपट म्हणण्यात त्याला भारी मजा वाटायची.

गेल्या नोव्हेंबरात किथेका वाळूच्या लॉरीत बसून सुट्टीवर घरी येत होता. कोरडी नदी ओलांडताना वरून अचानक लोंढा आला. लॉरी सापडली, ड्रायव्हर सापडला, किथेका सापडला नाही. आम्ही आमची माणसं आपल्याच अंगणात पुरतो. त्याच्या आईच्या, सियोकाऊ मावशीच्या अंगणात नवऱ्याची कबर आहे, सासूसासऱ्यांच्या आहेत, मुलाची नाही. मुलाचं म्हणून घरात उरलं ते एवढंच. बायको कलुंडे, आजीचंच नाव ठेवलेली चार वर्षांची छोटी सियोकाऊ, आणि वाळूच्या पेटीतली कसुकू.

"शनिवारी कुळाची बैठक बोलावलीय," मुलात्या वाटेत म्हणाला. "कलुंडेला तिच्या बापाकडे पाठवायची. पोर आमची आहे, ती इथंच राहील. आज साप मेला, मॅडम. उद्या आईच्या ताटात काय पडेल?"

तो दिवस गुरुवार होता. एका आईची पोर तिच्यापासून तुटायची की नाही, ते ठरायला मधे फक्त शुक्रवार उरला होता.

२

मुलात्याला मी लहानपणापासून ओळखते. बाजारात त्याचं दुकान आहे, आईला रविवारी भेटायला येतो, येताना साखर आणतो. भाऊ गेल्यावर भावाच्या शेताकडे त्याचा डोळा गेला नसेल असं मी म्हणणार नाही. मी त्याला तसं तोंडावर विचारलं. तो चिडला आणि म्हणाला की शेत हवं असतं तर त्याला सापाची वाट बघायची गरज नव्हती. ते मात्र खरं होतं.

त्याच्याकडे पुरावा काय, तर शेजारचा गुंबाऊ. हा गुंबाऊ मधमाश्यांसाठी झाडांवर पोकळ ओंडके टांगतो, मध काढतो, आणि उरलेला वेळ दुसऱ्यांच्या अंगणात काय चाललंय ते बघतो. गेल्या वर्षी त्याची एक शेळी मेली तेव्हा त्यानं भर बाजारात शपथ घेतली होती की किथेकाच्या सापाचं डोकं ठेचीन. मांडुळाचं तोंड केवढं आणि शेळी केवढी, पण गुंबाऊला हे कोण सांगणार. म्हणून मी आधी त्यालाच धरला.

"ठेचीन म्हणालो होतो, बरोबर," तो शांतपणे म्हणाला. "पण डोकं ठेचलेलं आहे का? नाही. मग मी नाही. मी बोललो तसं करणारा माणूस आहे, मॅडम. हे विषबिष घालणं बायकांचं काम."

मीही बाईच आहे आणि पुढच्या महिन्यात तुझ्या मधाच्या परवान्यावर माझीच सही लागणार आहे, एवढी मी त्याला आठवण करून दिली. त्यावर तो जरा सरळ झाला आणि त्यानं दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली गोष्ट, कलुंडे गेले कित्येक महिने चोरून वाळू टाकायची. सकाळी सासू तोंड धुवायला गेली की पदराखाली टोपली घेऊन बाहेर यायची, धान्याच्या कोठारामागे वाळू ओतायची, आणि शेतातली दुसरी वाळू भरून आत न्यायची. उघड्यावर करायचं काम असतं तर लपवलं कशाला असतं, असं गुंबाऊचं म्हणणं. कुठंतरी पाणी मुरतंय हे त्यानं तेव्हाच ओळखलं होतं म्हणे.

दुसरी गोष्ट सांगताना तो जवळ सरकला. कलुंडेची आई आजारी पडली म्हणून ती मुलीला घेऊन दोनेक आठवडे माहेरी गेली होती. ती तिकडे असतानाच कसुकू मेली, आणि निरोप मिळताच ती परत आली. जायच्या सकाळी ती गुंबाऊच्या बायकोकडे आली आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून गेली.

"काय सांगून गेली?"

"म्हणाली, काहीतरी निमित्त काढा पण आईंना पेटीजवळ जाऊ देऊ नका." गुंबाऊ मागे टेकून बसला. "आता मला सांगा मॅडम, पेटीत काय ठेवून गेली होती ती?"

३

पेटी पुढच्या खोलीत, खिडकीखाली होती. किथेकानं स्वतः बनवलेली. चार पाय, जाड फळ्या, वर बारीक जाळीचं झाकण आणि त्याला कडी. झाकणाच्या जाळीतून आतलं नीट बघायचं तर अगदी पेटीवर वाकावं लागायचं. कसुकूला मुलात्यानं एका टोपलीत फडक्यात गुंडाळून ठेवली होती. मी तिला उताणं केलं. पोटाखालची कातडी लाल झाली होती, जागोजागी फोड, काही फुटलेले. तोंड किंचित उघडं आणि कडेला वाळलेला फेस.

फेस बघून मुलात्या म्हणाला, बघा, विष. मी त्याला जरा दम धर म्हटलं आणि सर्पालयात फोन लावला. तिथल्या कादझो बाई किथेकाच्या साहेब होत्या. मग मी पोट कसं दिसतंय ते सांगितलं आणि त्यांनी मला एकच विचारलं, वाळू हाताला कशी लागतेय?

मी पेटीत हात घातला. एका कोपऱ्यात वाळू घट्ट बसून तिचं ढेकूळ झालं होतं, वर पांढुरकी खपली. खाली सगळीकडे वाळू गार आणि चिकट. हात बाहेर काढला तर आंबूस वास आला.

"विष नाही," कादझो बाई म्हणाल्या. "ती कोरड्या वाळूत राहणारी जात आहे. ओल आणि गारठा एकत्र आला की पोट सडतं, छाती भरते. असं एका दिवसात होत नाही, बाई. कुणीतरी रोज ओतत होतं."

मी फोन ठेवला आणि पेटीकडे पुन्हा नीट बघितलं. ढेकळाच्या बरोब्बर वर, जाळीच्या तारांमध्ये काहीतरी वाळून चिकटलं होतं. नखानं खरवडलं. बाजरीचा कोंडा. आंबील होती ती. आमच्या घराघरात मडक्यात आंबवलेली असते, तीच.

मग मी कोठारामागे गेले. गुंबाऊ खोटं बोलला नव्हता. तिथं वाळूचे ढीग होते, जुने आणि नवे, सगळ्यांत तीच पांढुरकी ढेकळं, सगळ्यांवर मुंग्या. मी तिथल्या दगडावर बसले आणि विचार केला.

आंबील जाळीतून ओतली होती. म्हणजे ओतणाऱ्यानं झाकण उघडलं नव्हतं. कडी साधी, एका बोटानं निघणारी, तरी उघडली नाही, म्हणजे तो माणूस सापाला घाबरत होता. कलुंडे तर कसुकूला उघड्या हातानं उचलायची, कोठारातले उंदीर पकडून घालायची. तिला जाळीतून ओतायचं कारण काय? मुलात्याही लहानपणी भावाबरोबर साप हाताळलेला, आणि तो येतो आठवड्यातून एकदा. इथं तर रोज ओतलं गेलं होतं. गुंबाऊनं या घराचा उंबरा शेळी मेल्यापासून ओलांडला नव्हता.

आणि ही फेकलेली वाळू? ती ओली झालेली वाळू होती. एक हात रोज ओतत होता आणि दुसरा हात गुपचूप ती वाळू काढून कोरडी भरत होता. कलुंडे सापाला मारत नव्हती, जगवत होती. ती माहेरी गेली आणि वाळू बदलणारं कुणी राहिलं नाही.

म्हणजे ओतणारं कोण ते कलुंडेला माहीत होतं. तिला फक्त नाव सांगायचं होतं आणि पोर तिच्याजवळ राहिली असती. तरी ती गप्प होती.

४

सियोकाऊ मावशी मागच्या अंगणात स्टुलावर बसली होती. डोक्याला चर्चच्या महिला मंडळाचा पांढरा रुमाल. मंडळाची ती अध्यक्ष, मी साधी सभासद, आणि तिथं ती मला अजूनही पोरीसारखी दटावते. मी कोठाराकडून आले तरी तिनं मान वळवली नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी हाक मारली तेव्हा तिला कळलं.

"कतुंगे होय. ये. चहा कोण करणार आता, बस नुसती."

मी तिच्याजवळ बसले. तिचे हात मांडीवर नुसते पडून होते. किथेका गेल्यापासून ती बोलत नव्हती हे सगळ्या गावाला माहीत होतं. चर्चमध्ये प्रार्थना सांगायची, घरात हो आणि नाही, बस. त्या दिवशी मात्र मी कसुकूचं नाव काढलं आणि तिनं मान माझ्याकडे वळवली. मी विचारलं की पेटीजवळ कोण कोण जायचं.

"कलुंडे जायची. पोर जायची. मी नाही गं. मला त्या प्राण्याची भीती वाटते, तुला माहीतच आहे. किथेका हसायचा मला."

"कलुंडे गेल्यावर खायला कोण घालायचं?"

"मुलात्या एकदा उंदीर टाकून गेला. खाल्ला नाही तिनं." मग तिच्या तोंडावर इतक्या महिन्यांत न दिसलेलं काहीतरी आलं, हसू म्हणावं असं. "पण शेवटचे तीन-चार दिवस वर येऊन बसायची गं. आधी कधी येत नसे. भर दिवसा वर, सगळं अंग बाहेर, डोकं खिडकीकडे करून. जशी काही ऐकत बसली आहे."

मी पुढचा प्रश्न विचारला नाही. जी बाई हाक मारल्याशिवाय मला ओळखत नाही, तिला लांबून जाळीच्या आतलं सापाचं डोकं कुठल्या बाजूला आहे ते दिसणं शक्य नव्हतं. त्यासाठी पेटीवर वाकावं लागतं. अगदी जवळ.

मला एकदम मंडळाची दोन वर्षांपूर्वीची सभा आठवली. गुंबाऊच्या आईनं नवऱ्याच्या कबरीवर मधाची दारू ओतली, पूर्वजांना पहिला घोट द्यायची जुनी रीत पाळली, म्हणून या सियोकाऊ मावशीनं तिला सगळ्या बायकांसमोर उभं करून माफी मागायला लावली होती. देवाच्या घरातल्या बाईनं असलं करायचं नसतं, असं ठणकावलं होतं. आम्ही सगळ्या माना डोलावत होतो.

मी तिचा हात हातात घेतला तेव्हा तिच्या बोटांना आंबिलीचा वास येत होता.

५

कलुंडे मला कोरड्या नदीच्या पात्रात भेटली. वाळूत खणलेल्या खड्ड्यातून वाटीवाटीनं पाणी काढून पिंप भरत होती. वयानं तिशीही नाही, पण त्या दिवशी चेहरा माझ्यापेक्षा थकलेला. मला बघून तिनं वाटी खाली ठेवली आणि ओले हात पुसले.

मी काही आडवळण घेतलं नाही. जाळीतला कोंडा, ढेकळं, कोठारामागचे ढीग, सगळं सांगितलं आणि म्हटलं, नाव मला ठाऊक आहे, तू फक्त हो म्हण.

मग तिनं सांगितलं. किथेका जाऊन दोन-तीन महिने झाले असतील. एका संध्याकाळी ती शेतातून लवकर परतली, तर आत सासूचा आवाज. आधी तिला वाटलं कुणी पाहुणं आलंय. दाराआडून बघितलं तर आई पेटीवर वाकलेली, हातात वाटी, आणि बोलतेय. काळी शेळी व्याली, छोटीला खोकला झाला होता पण आता बरा आहे, मुलात्याच्या दुकानाला नवा पत्रा बसवला. दिवसभराचं सगळं. आणि बोलून झाल्यावर वाटी जाळीवर हळूच तिरकी केली.

"मी तिथंच उभी राहिले, मॅडम. इतक्या दिवसांत मला त्यांचा आवाज ऐकायला मिळाला नव्हता." तिनं नाक पुसलं. "मग रोज ऐकायचे. दाराआडून. आणि सकाळी वाळू बदलायचे."

मी तिला विचारलं की गुंबाऊच्या बायकोला खरं कारण का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, सांगितलं असतं तर रविवारपर्यंत सगळ्या चर्चला कळलं असतं.

"आणि आता शनिवारी काय होणार आहे ते माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे."

"तुझी पोर जाईल."

"आजीजवळच राहील ना. नाव आजीचं आहे, आजी तिला जपेल. मी येईन मधूनमधून." तिनं पिंप जवळ ओढलं. "त्यांचा मुलगा एकदा लोंढ्यात गेला. आता जे काही उरलं होतं ते त्यांच्याच हातानं गेलं, हे त्यांना कळलं तर त्या जगणार नाहीत. तुम्ही सांगू नका. तुम्हाला हात जोडते."

मला राग आला. कुणाचा ते नक्की सांगता येत नाही. तू वेडी आहेस, असं मी तिला म्हटलं, तुझ्या पोरीचं आयुष्य तू एका मेलेल्या सापाखाली पुरतेस. तिनं वाटी उचलली आणि पुन्हा पाणी काढायला लागली. मी वचन दिलं नाही. दोघींनाही वाचवता येईल असं काहीतरी बोलायचं ठरवून मी घरी आले, आणि शुक्रवारभर ते काही सुचलं नाही.

६

शनिवारी त्याच अंगणात बैठक बसली. कुळातली दहा-बारा म्हातारी माणसं, सगळ्यांत वडील मुन्योकी आजोबा मधल्या खुर्चीत. मुलात्या उभा. गुंबाऊला कुणी बोलावलं नव्हतं, तरी तो कुंपणाला टेकून हजर. मंडळाच्या चार बायका पांढरे रुमाल बांधून आल्या होत्या. कलुंडे जमिनीवर बसली होती आणि तिची मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती.

मुलात्यानं आपलं म्हणणं मांडलं. मग मुन्योकी आजोबांनी माझ्याकडे बघितलं.

मी एवढंच सांगितलं की विष नव्हतं. सर्पालयातल्या जाणकार बाईंना विचारलं आहे. पेटीत ओल शिरली, वरून हा गारठा, त्यानं साप मेला. कुणी मुद्दाम मारलेला नाही, म्हणून कुणाला घालवायचं कारण नाही. मी खाली बसले. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

"ओल आली कुठून?" मुलात्या म्हणाला. "पाऊस तर नाही. मॅडम, तुम्ही दोन दिवस फिरताय. नाव सांगा."

मी इतकी वर्षं या खुर्चीवर आहे आणि माझी जीभ कधी अडली नव्हती, त्या दिवशी अडली. सगळे माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात खालून कलुंडेचा आवाज आला.

"मी घातलं पाणी. माहेरी जाताना. दोन आठवडे कुणी बघणार नाही, तिला तहान लागेल, म्हणून जास्त घातलं. चूक झाली माझी."

गुंबाऊनं मान हलवली, मुलात्यानं वडीलधाऱ्यांकडे हात केला, बघा म्हणून. मुन्योकी आजोबांनी काठी पुढे घेतली. आता ते निकाल देणार होते.

"पाणी नव्हतं ते."

सियोकाऊ मावशी स्टुलावरून उठली होती. काठीवर दोन्ही हात. तिला आमच्यापैकी कुणाचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून ती सगळ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे तोंड करून बोलली.

"ती खोटं बोलतेय. आंबील होती. रोज मी ओतली. माझ्या नवऱ्याच्या कबरीवर मी कधी थेंब ओतला नाही, देवाला भिऊन. पण त्याला कबर तरी आहे. माझं पोर वाळूत गेलं. कुठल्या वाळूत ते मला माहीत नाही. घरात वाळू होती ती एवढीच, त्यानंच आणून भरलेली. म्हणून त्याचा पहिला घोट मी तिथं ओतायचे."

मंडळाच्या बायका खाली बघत होत्या. मुलात्या तोंड उघडं ठेवून उभा होता, आणि मला त्याचीही दया आली, कारण तोही त्याच आईचा मुलगा होता आणि यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं.

"कतुंगे," मावशीनं मला हाक मारली. "तू आहेस ना इथं?"

"आहे मावशी."

"ती वर यायला लागली, शेवटी. मला वाटलं माझं ऐकायला येते. मी जास्त बोलायला लागले, जास्त ओतायला लागले." "ती कशाला वर यायची? खरं सांग. या म्हातारीला सांभाळून घेऊ नकोस."

मी खोटं बोलू शकले असते. ते बोलायला कलुंडे समोर बसून डोळ्यांनी विनवत होती. पण मावशीनं आत्ताच सगळ्यांसमोर खरं सांगितलं होतं, आणि तिला त्याच्या बदल्यात खोटं देणं मला जमलं नाही.

"खाली ओल होती, मावशी. ओलीतून सुटायला वर यायची."

तिनं मान हलवली. दोनदा. मग ती स्टुलावर बसायला गेली, तिचा अंदाज चुकला आणि ती खाली मातीतच बसली. कुणीतरी उठवायला पुढे झालं, तिनं हात झटकला.

मुन्योकी आजोबांनी निकाल असा वेगळा दिलाच नाही. ही सून या घरची आहे आणि हिला कुणी हात लावायचा नाही, एवढं म्हणून त्यांनी टोपी डोक्यावर घातली. मुलात्यानं आईजवळ जायला पाऊल उचललं आणि तिथंच थांबला.

कलुंडेनं झोपलेल्या मुलीला खांद्यावर घेतलं आणि सासूजवळ जाऊन बसली. मावशी चाचपडत होती, तिचा हात पोरीच्या पायाला लागला आणि तिथंच राहिला.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. "वाळू बदलत होतीस. मग मला एकदा तरी थांबवायचंस."

"थांबला असतात तुम्ही, आई," कलुंडे म्हणाली. "मग या घरात त्याच्याशी बोलणारं कुणीच उरलं नसतं. मला तर तेवढंही जमत नव्हतं."

मग अगदी साध्या आवाजात, जसं एखादी हरवलेली वस्तू कुठे ठेवली ते विचारावं, तसं म्हातारीनं विचारलं, "आता मी कुणाला सांगू गं, रोजचं?"

कलुंडेनं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि सासूच्या खांद्याला खांदा लावून बसून राहिली. आम्ही बाकीचे एकेक करून उठलो आणि फाटकाबाहेर पडलो.